आप्पांच्या गोळ्या

चार मेडिकल, तीन तास आणि दहा गोळ्या. आजचा दिवस एवढ्यातच संपला.

आप्पांची कंबर धरलीय, डॉक्टरांनी ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी लिहून दिली. राजारामपुरीत पहिल्या दुकानात "संपल्या", दुसऱ्यात "उद्या बघा". मिरजकर तिकटीजवळच्या तिसऱ्यानं चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. "तारीख न्हाई यावर." खरंच नव्हती! ही गोळी शेड्यूल एच-1 मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या कडक सरकारी यादीतली. 2014 पासून दुकानदाराला डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहून ते 3 वर्षं जपावं लागतं. म्हटलं, "मामा, मीच टाकतो की तारीख." त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं, की पेन गुमान खिशात ठेवलं. (चूक माझीच.)

परत दवाखाना, तर ओपीडी 5 वाजता. बाकावर बसून राहिलो, तेवढ्यात आप्पांचे तीन फोन. तारीख घेऊन मामांकडं गेलो तर दुकान बंद.

चौथ्याकडं मिळाल्या एकदाच्या. पट्टी कापताना एक्सपायरीचा तुकडा त्याच्याकडंच राहिला, मग त्याचा फोटो काढून घेतला.

घरी आलो तर आप्पा कट्ट्यावर गप्पा हाणत बसलेले. "आता जरा बरं वाटायलंय रे. ठेव तिथं."