कॅनडातील सेटलमेंट संस्था आणि आपला संकोच

पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क घेऊन कॅनडात आलेले मराठी कुटुंब पहिल्या काही दिवसांतच बँकेत खाते उघडते, नोकरी आणि करासाठी लागणारा सिन क्रमांक काढते, भाड्याचे घर शोधू लागते. मात्र नवागतांना स्थिरावण्यासाठी मदत करणाऱ्या सेवाभावी, म्हणजेच सेटलमेंट संस्थेची पायरी ते सहसा चढत नाही. अशा संस्था निर्वासितांसाठी असतात, आपण शिकलेसवरलेले आणि गाठीशी पैसे बांधून आलेले लोक, आपल्याला त्यांची काय गरज, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची झळ नोकरी मिळालेल्या व्यक्तीपेक्षा तिच्याबरोबर आलेल्या जोडीदाराला अधिक बसते, असे माझे निरीक्षण आहे.

या संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेल्या असल्या, तरी त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकारचे इमिग्रेशन खाते उचलते आणि उरलेला भाग प्रांताचा निधी व देणग्या यांतून भागतो. त्यामुळे पीआरधारकाला तेथे जाऊन सेटलमेंट वर्करशी, म्हणजे मार्गदर्शन करणाऱ्या कर्मचाऱ्याशी, बोलायला काहीही पैसे पडत नाहीत, आणि त्यात कोणाचे उपकार घेतल्याचे ओझेही नाही. विद्यार्थी आणि बहुतेक वर्क परमिटधारक यांना मात्र केंद्राच्या निधीतून चालणाऱ्या सेवा मिळत नाहीत. प्रांताच्या किंवा देणग्यांच्या पैशातून चालणाऱ्या मोजक्या सेवाच त्यांच्या वाट्याला येतात. मुलांना शिकायला इकडे पाठवणाऱ्या पालकांनी हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

सर्वांत परिचित सेवा म्हणजे १९९२ पासून चालत आलेले 'लिंक' नावाचे इंग्रजीचे मोफत वर्ग. प्रवेशापूर्वी चाचणी घेऊन तुमची पातळी ठरवतात, आणि काही केंद्रांत वर्ग चालू असताना लहान मुलांना सांभाळण्याचीही सोय असते. आपल्याकडच्या पदवीधर स्त्रिया 'मला इंग्रजी येते' म्हणून तिकडे फिरकत नाहीत. पण इंग्रजी वाचता येणे वेगळे आणि दवाखान्यात फोन करून, समोरच्याचे भरभर बोलणे समजून घेऊन, मुलासाठी वेळ ठरवणे वेगळे. शिवाय वर्गात ओळखी होतात, घराबाहेर पडायला निमित्त मिळते. हिवाळ्याचे चार-पाच महिने चार भिंतींत काढणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते.

कर भरण्याच्या हंगामात अशाच एका संस्थेच्या मोफत शिबिरात मी स्वयंसेवक म्हणून बसतो. उत्पन्न कमी आणि हिशेब साधा असलेल्या लोकांची विवरणपत्रे तेथे भरून दिली जातात. स्वयंसेवकांची नोंदणी कर खाते करते. उत्पन्नच नाही तर विवरणपत्र कशाला, हा प्रश्न दर वर्षी हमखास येतो. त्याचे उत्तर असे, की मुलांसाठी दरमहा मिळणारा कॅनडा चाइल्ड बेनिफिट पती आणि पत्नी या दोघांच्याही विवरणपत्रांवरून ठरतो आणि दर वर्षी जुलैपासून त्याची रक्कम नव्याने काढली जाते. पत्नीने काहीच कमावले नाही म्हणून तिचे विवरणपत्र भरायचे राहून गेले, तर जुलैनंतर पैसे येणे थांबते आणि कुटुंबाला कारण कळत नाही. नव्याने आलेल्यांना तर या लाभाच्या अर्जासोबत, कॅनडात येण्यापूर्वी भारतात किती उत्पन्न होते हेही कळवावे लागते. ही माहिती सरकारी संकेतस्थळावर आहे, कोणी लपवून ठेवलेली नाही. पण नेमके काय शोधायचे हेच ठाऊक नसेल, तर ती असून नसल्यासारखी.

ऑन्टारियो प्रांतातील अनेक शाळांत सेटलमेंट वर्कर येऊन पालकांना भेटतात. मुलाची इयत्ता येथे साधारणपणे जन्मवर्षावरून ठरते, हे पचवणे आपल्या पालकांना फार जड जाते. तो विषय समजुतीने हाताळण्याचा सराव या मंडळींना असतो.

यातील काही संस्थांचा इतिहास मला विशेष वाटतो. टोरोंटोतील 'कॉस्टी'ची मुळे १९५२ साली इटालियन समाजाने सुरू केलेल्या कामात आहेत, तर व्हँकुव्हरमधील 'सक्सेस' ही १९७३ साली चिनी भाषा बोलणाऱ्या नवागतांसाठी निघाली. आपल्या माणसांसाठी उभ्या राहिलेल्या या संस्था पुढे कोणत्याही देशातून आलेल्यांना दार उघडत्या झाल्या. मी पाहिलेली आपली मंडळे गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग मनापासून करतात, आणि अडलेल्या माणसासाठी सभासद वैयक्तिक पातळीवर धावूनही जातात. पण त्या धावपळीचे रूपांतर वर्षभर चालणाऱ्या सेवेत करण्याचा विचार तेथे क्वचितच ऐकू येतो.

या संस्था नोकरी मिळवून देत नाहीत. बायोडाटा नीट करून देतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, त्या क्षेत्रातील अनुभवी व्यक्तीशी गाठ घालून देतात. परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागणाऱ्या डॉक्टर, परिचारिका किंवा अभियंत्यांना 'विंडमिल मायक्रोलेंडिंग' ही धर्मादाय संस्था १५,००० डॉलरपर्यंत कर्ज देते आणि त्यासाठी कॅनडातील क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, मागत नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

सरकारने २०२५ साठी पीआरचे लक्ष्य ३,९५,००० पर्यंत खाली आणले आणि त्यापाठोपाठ या संस्थांच्या निधीलाही कात्री लागली. काही ठिकाणी वर्ग कमी झाले आहेत. त्यामुळे पीआर घेऊन येणाऱ्यांनी, विशेषतः जोडीदाराने, घर लागेपर्यंत न थांबता आधी भाषाचाचणीसाठी नाव नोंदवावे; त्यासाठी पीआर झाल्याचे कागदपत्र पुरते.