फ्लाय बांधायची पेटी: पावसाळ्यानंतरची हकीकत

फ्लाय म्हणजे हुकावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं मासे धरायचं खोटं आमिष. ते बांधायचं सामान ठेवायची माझी पेटी पूर्ण झाली, असं मी जूनच्या पहिल्या आठवड्यात छातीठोकपणे कळवलं होतं. ते मागे घेतो. जुलैत खालचे दोन्ही ड्रॉवर असे आवळून बसले की आठ नंबरचे हुक आतच अडकले, आणि मी पुन्हा कंदी पेढ्यांच्या जुन्या खोक्यातल्या उरल्यासुरल्या सामानावर फ्लाय बांधायला लागलो.

नवीन मंडळींसाठी मापं: बाहेरून ४०० बाय २६० बाय १३० मिलिमीटर. स्कूटरवर पायांपाशी बसते, डिक्कीत जात नाही. बाजू सागवानी, पाडलेल्या एका वाड्याच्या खिडकीच्या झडपा चिरून काढलेल्या १२ मिलिमीटरच्या पट्ट्या. तळ सहा मिलिमीटर प्लायचा, खाचेत सरकवलेला. कोपऱ्यांना हातानं कापलेले डोव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे सांधे. पहिल्या कोपऱ्याकडे कृपया कुणी बघू नये, त्यात भुस्सा आणि फेव्हिकॉलच जास्त आहे. चौथा बरा जमलाय. जुन्या सागाला तेल फार, म्हणून चिकटवण्याआधी सांधे थिनरनं पुसून घेतले. आणि जुनं लाकूड वापरणाऱ्यांनी रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून बघा. मी बघितलं नाही. आत मोडलेला खिळा होता, पात्याला खांडा पडला.

तर ड्रॉवर. ते आंब्याच्या लाकडाचे, कारण सागाच्या पट्ट्या संपल्या. मेमध्ये दर्शनी पट्टीची उंची व्हर्नियरवर बरोबर ४५ मिलिमीटर भरली, आणि खण ४५.३ चा. ड्रॉवर हवा दाबत आत जायचा तेव्हा फार ऐट वाटायची. आमच्या सुतारमामांनी तेव्हाच एकदा आत-बाहेर करून बघितला आणि म्हणाले, "पावसाळ्याला उपाशी ठेवताय व्हय? त्याला बी जागा लागती की." मी हसलो होतो.

जुलैत एक ड्रॉवर मागचा प्लाय काढून ठोकत बाहेर काढला आणि पुन्हा मोजला: ४५.५. लांबीत मात्र काडीचाही फरक नाही. लाकूड फुगतं ते रेषांना आडवं, रेषांच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. पट्टीच्या रेषा आडव्या जातात, त्यामुळे सगळा फुगवटा उंचीत आला. बाहेरची पेटीही थोडी फुगली असणार, पण ती जुन्या मुरलेल्या सागाची आणि पॉलिश केलेली. आंबा कोराच होता, त्यानं साताऱ्याची सगळी ओल पिऊन घेतली.

इथे दुसरी चूक. त्याच संध्याकाळी रंधा घेऊन वरून एक मिलिमीटर उडवलं. ड्रॉवर लोण्यासारखा चालायला लागला. मग आतून-बाहेरून लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. (ड्रॉवरच्या आत तेल लावू नका, बंद जागेत वास महिनोन् महिने जात नाही आणि पिसांना लागतो.) पॉलिशनं ओल थांबत नाही, फक्त सावकाश शिरते.

लाखेचं हेच पॉलिश, ज्या फळीवर फ्लाय बांधतो त्या कामाच्या फळीवर मात्र महागात पडलं. यूव्ही रेझिन (फ्लायवर लावायचा, अतिनील प्रकाशात घट्ट होणारा गोंद) टॉर्चखाली वाळवलं की वर चिकट थर राहतो, तो मी आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसतो. एक बोळा फळीवर राहिला. लाख अल्कोहोलमध्येच विरघळते हे पॉलिश बनवताना स्वतः केलेलं, तरी डोक्यात आलं नाही. फळीवर रुपयाएवढा खड्डेदार डाग पडला आणि त्यात काळं मारबू पीस चिकटलं. आता ती फळी घासून जवसाचं तेल लावलंय. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवा.

फळीची रचना मात्र मनासारखी झाली. वाईसचा, म्हणजे बांधताना हुक घट्ट धरणाऱ्या पकडीचा, दांडा ९.५ मिलिमीटरचा. दहाचं भोक पाडलं तर धागा ओढताना वाईस डुलतो. म्हणून एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून साडेनऊच्या भोकाचा पितळी बुश, म्हणजे आखूड नळी, करून फळीत बसवला. पण दोरा ताणला की हलकी फळीच उचलली जायची. त्यावर उपाय असा की फळीची मागची शेपटी पेटीखाली सरकते आणि पेटीचं वजन तिला दाबून धरतं. भरलेली पेटी सव्वाचार किलो, क्लॅम्पची गरज उरत नाही.

पिसांचं म्हणाल तर गावच्या जत्रेनंतर गावरान कोंबड्यांच्या मानेची कातडी मिळाली. टाकणखार चोळून वाळवली. कसर आणि किड्यांची अंडी मरावीत म्हणून झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली, आणि आईनं मटार समजून ती पिशवी उघडली. आता पिशवीवर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहिलंय. ही पिसं मऊ आणि पाणी धरणारी. कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला निकामी, पण वुली बगर या पाण्यात बुडणाऱ्या फ्लायला छान. ड्रॉवरमध्ये वेखंडाची पुरचुंडी आणि हुकांच्या कप्प्यात सिलिका जेल.

परवा पेटी घेऊन कण्हेर धरणावर गेलो. काठावर बसून आठ नंबरच्या हुकावर हिरवट वुली बगर बांधला. वाईस हलला नाही, फळी उठली नाही. दोन चिलापी आल्या. त्यांचं श्रेय पेटीला द्यायचं का, हे मी ठरवलेलं नाही.

पण जाताना सगळ्या रस्त्याला पायांपाशी खडखड, खडखड. ऑक्टोबरच्या उन्हानं आंबा पुन्हा आक्रसलाय, आणि जुलैत उडवलेला तो मिलिमीटर आता परत कुठून आणायचा? तूर्त पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन्ही ड्रॉवरच्या वर सरकवलाय. जूनमध्ये काढून टाकीन.