फी माफ, तरी शाळा महाग

दिवाळी संपली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या वर्गांची पटसंख्या हजेरीपटावर तेवढीच राहते, पण बाक रिकामे दिसू लागतात. मी डोंगरपट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी अकरावीतला एक विद्यार्थी, ज्याची वही मी इतरांना नमुना म्हणून दाखवत असे, नोव्हेंबरात अचानक येईनासा झाला, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. दारात ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, कळशी आणि कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, ताडपत्री चढवणे चालू होते. वडिलांची कंबर धरली होती, म्हणून त्या हंगामात आईबरोबर ऊसतोडीला तो जाणार होता. वडील म्हणाले, "सर, फी माफ हाये, पुस्तकं तुम्हीच दिलीत. पण ह्याला घरी ठेवलं तर ह्याची आई अर्धा कोयता व्हती, आन् उचल तर पुऱ्या कोयत्याची घेतलीय."

ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधायची, अशी दोन माणसांची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या जोडीवर. एकटा माणूस अर्धा कोयता. त्या बापाने मला जे सांगितले ते शिक्षणाच्या अर्थशास्त्रातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र होते, आणि मी ते पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत असूनही इतके स्पष्ट कधी सांगू शकलो नव्हतो. शाळेचा खर्च म्हणजे फी, वह्या आणि गणवेश एवढाच नसतो. शाळेत बसलेल्या मुलाने त्या वेळात जे कमावले असते, तेही घर गमावत असते, आणि पुष्कळदा हाच खर्च सर्वांत मोठा असतो.

हा खर्च हिशेबात धरायला अर्थशास्त्राला फार उशीर झाला. अॅडम स्मिथ यांनी 1776 सालीच शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती. यंत्राने जशी आपली किंमत भरून काढली पाहिजे, तशी शिकण्यात घातलेला वेळ आणि कष्ट भरून निघतील एवढी मजुरी कुशल माणसाला मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली लिहिले की माणसांत गुंतवलेले भांडवल हे सर्वांत मौल्यवान भांडवल होय. तरीही पुढची कितीतरी दशके जमीन, श्रम आणि भांडवल हीच त्रयी मांडली गेली, आणि त्यातले श्रम म्हणजे सारखे मोजता येणारे तास असे धरले गेले. माणसाला भांडवल म्हणण्याचा संकोच हेही त्याचे एक कारण होते. ज्या समाजांनी माणसांची खरेदी-विक्री पाहिली होती, त्यांना हा शब्द सहज पचणारा नव्हता.

ही कोंडी थिओडोर शुल्ट्झ यांनी फोडली. 1960 च्या डिसेंबरात अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मानवी भांडवलातील, म्हणजे माणसांच्या ज्ञान-कौशल्यांतील, गुंतवणुकीवर भाषण केले आणि पुढच्या वर्षी ते छापून आले. देशाचे उत्पादन जितके वाढलेले दिसते, तितकी वाढ जमीन, यंत्रे आणि कामाचे तास यांच्या वाढीतून निघत नाही. उरलेल्या वाढीचा मोठा भाग माणसांच्या ज्ञानात आणि आरोग्यात शोधावा लागतो, असे त्यांनी मांडले. त्याच सुमारास केलेल्या हिशेबात त्यांना आढळले की अमेरिकेतल्या हायस्कूल आणि महाविद्यालयीन शिक्षणाच्या एकूण खर्चात निम्म्याहून अधिक वाटा विद्यार्थ्यांनी बुडवलेल्या कमाईचा आहे. शुल्ट्झ मूळचे शेतीचे अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म 1902 सालचा, दक्षिण डकोटातल्या शेतकरी घरातला. पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतावर माणसे मिळेनात, म्हणून त्यांचे स्वतःचे हायस्कूल झालेच नाही. 1979 साली त्यांना आर्थर लुईस यांच्यासमवेत नोबेल मिळाले. त्यांच्या चरित्रातले हे पान मी दरवर्षी वर्गात सांगतो. शाळेऐवजी शेतात जावे लागल्याचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसानेच बुडालेल्या मजुरीचा खर्च ताळेबंदात आणावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आपल्याकडे मात्र या शास्त्राचा दुसरा मोठा प्रश्न, म्हणजे पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, याच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. 19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी तेथे स्वच्छ मांडले. वरून शिक्षण दिले की ते आपोआप खाली झिरपेल, ही सरकारी समजूत त्यांनी खोडून काढली आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. पण त्या निवेदनाचा जो भाग फार कमी उद्धृत होतो तो मला अधिक मोलाचा वाटतो. गावच्या शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असा आकडा त्यांनी दिला, आणि ज्या जातींत शिक्षण पोचलेले नाही तिथल्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत असे सुचवले. सक्ती करायची तर घराचे काहीतरी भरून द्यावे लागेल, ही जाण त्यात आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्ती आणली. मराठवाडा या सगळ्याच्या बाहेर, निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेही उर्दू माध्यमाचे, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला शिक्षणाआधी भाषेचा आणि अंतराचा खर्च पडे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली आणि चित्र पालटू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय 1950 साली औरंगाबादेत सुरू झाले आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालय जवळ येणे म्हणजे शिक्षण स्वस्त होणे, हे आमच्या आजोबांच्या पिढीने अनुभवलेले आहे.

शुल्ट्झ यांच्या पाठोपाठ जेकब मिन्सर आणि गॅरी बेकर यांनी या विचाराला गणिती शिस्त दिली. मिन्सर यांचे समीकरण आजही वापरात आहे. शाळेचे एक वर्ष वाढले की मजुरी किती टक्क्यांनी वाढते, हे त्यातून काढतात. बेकर यांचे मानवी भांडवलावरचे पुस्तक 1964 सालचे. त्यातला एक मुद्दा आमच्या भागासाठी विशेष आहे: जे कौशल्य कुठेही उपयोगी पडते त्याचा खर्च मालक करत नाही, शिकणाऱ्यालाच तो सोसावा लागतो. गॅरेजमध्ये दोन-दोन वर्षे नाममात्र पैशांवर राबणारी मुले हाच खर्च फेडत असतात. मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 सालीच दाखवले होते की शिक्षणासाठी कर्ज मिळणे अवघड जाते, कारण ज्ञान तारण ठेवता येत नाही. घर गहाण पडते, जमीन गहाण पडते. पदवी कोणी जप्त करून विकू शकत नाही. लातूरला शिकवणी, खोली आणि मेसचा खर्च उभा करायचा तेव्हा मुलाच्या बुद्धीवर कोणी पैसे देत नाही, बापाचा सातबारा मागतात. त्यामुळे किती शिकायचे हे हुशारीवर कमी आणि एकरांवर जास्त ठरते. यात केवळ अन्याय नाही, गुंतवणुकीचा अपव्ययही आहे, कारण जिथे परतावा अधिक मिळाला असता तिथे पैसा पोचतच नाही.

या सिद्धांताला 1973 साली मोठे आव्हान मिळाले. मायकेल स्पेन्स आणि केनेथ अॅरो यांनी स्वतंत्रपणे असे मांडले की शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढत नसली तरी पगार वाढू शकतो, कारण पदवी ही मालकासाठी चाळणी असते, उमेदवाराच्या अंगच्या गुणांची खूण असते. खूण जोवर थोड्यांकडे असते तोवरच तिला किंमत असते. हे वाचताना मला माझी चुलत बहीण आठवते. आमच्याकडे गावोगावी शिक्षक होण्यासाठीची डी.एड. महाविद्यालये निघाली त्या काळात काकांनी बैलजोडी आणि वर एक एकर विकून तिला डी.एड. केले. पदविका हातात आली तेव्हा शिक्षकभरती थांबलेली होती. पुढे 2013 पासून पात्रता परीक्षा आली, आणि एका संस्थेने विनाअनुदानित जागेसाठी जी रक्कम मागितली ती काकांनी विकलेल्या जमिनीच्या दुप्पट होती. ती आज शिवणकाम करते. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल यांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीचा अभ्यास 1969 सालीच प्रसिद्ध केला होता, म्हणजे हे दुखणे नवे नाही. तरीही काकांचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर असलेल्या माहितीवर तो शहाणपणाचाच होता. एकाच वेळी हजारो घरांनी तोच निर्णय घेतला आणि परवानग्या देणाऱ्यांनी जागांचा हिशेब केला नाही.

मग शिक्षणाने कमाई खरोखर वाढते, की शिकणारे मुळातच पुढे जाणारे असतात? याचे खात्रीचे उत्तर मिळायला बराच काळ लागला. इंडोनेशियाने 1973-74 ते 1978-79 या काळात 61,000 हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या होत्या. एस्थर डुफ्लो यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जास्त शाळा झालेल्या आणि कमी शाळा झालेल्या भागांतील, शाळेच्या वयात बसणाऱ्या आणि वय उलटून गेलेल्या मुलांची तुलना केली. शाळा वाढल्या तिथे शिक्षणाची वर्षे वाढली आणि मोठेपणी मजुरीही वाढली. शाळेतली वर्षे आणि प्रत्यक्ष शिकणे यांतले अंतर हा वेगळा विषय आहे. वडोदरा आणि मुंबईत 'प्रथम' या संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना बालसखी नेमून मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवले, तेव्हा मुलांचे गुण स्पष्टपणे सुधारले. खर्च थोडा आणि फळ मोठे, असे हे काम होते.

पण माझ्या विद्यार्थ्याच्या अडचणीला थेट भिडणारा प्रयोग मेक्सिकोतला आहे. 1997 साली तिथल्या ग्रामीण भागात प्रोग्रेसा ही योजना सुरू झाली. मूल नियमित शाळेत गेले तर आईच्या हाती रोख रक्कम दिली जाई. ही रक्कम वरच्या इयत्तेत वाढत जाई, कारण मूल मोठे होईल तशी त्याची मजुरीही वाढते, आणि माध्यमिक इयत्तांत मुलींसाठी ती मुलांपेक्षा अधिक होती. सोडतीने निवडलेल्या गावांची तुलना इतर गावांशी झाली तेव्हा प्राथमिक शाळा संपवून माध्यमिक शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत ठळकपणे वाढलेले दिसले. हा अभ्यास करणाऱ्यांत पॉल शुल्ट्झ होते, थिओडोर शुल्ट्झ यांचे चिरंजीव.

आमच्याकडे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, आणि जिथे ती नीट चालतात तिथे लहान मुले गावात आजी-आजोबांजवळ राहून शिकतात. त्यांचा लाभ प्रामुख्याने आठवीपर्यंतच्या मुलांना आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला जेवण आणि निवारा मिळाला की प्रश्न बराचसा सुटतो, कारण तो कोयता धरत नाही. सोळा वर्षांचा मुलगा धरतो. म्हणून नववी ते बारावीच्या वर्गांत, स्थलांतर करणाऱ्या घरांना अर्ध्या कोयत्याच्या उचलीएवढी शिष्यवृत्ती द्यावी आणि ती आईच्या खात्यावर, उचल वाटली जाते त्या पावसाळ्याच्या दिवसांत जमा व्हावी, अशी मागणी मी अधिकाऱ्यांपुढे लेखी मांडली आहे. दिवाळीनंतर आलेला पैसा निरुपयोगी आहे. तोवर मुकादमाशी व्यवहार होऊन गेलेला असतो.

तो मुलगा फेब्रुवारीत फडावरून फोन करून कोणती प्रकरणे झाली ते विचारत असे. गाडी रात्री भरायची असली की अकरानंतर त्याचा फोन यायचा. गुढीपाडव्यानंतर तो परतला तेव्हा वार्षिक परीक्षा झाली होती. फेरपरीक्षा देऊन तो बारावीत आला, आणि त्या वर्षी वडिलांची कंबर बरी होती.