कॅचरची आई: लेकाच्या कॉलेज बेसबॉल रिक्रुटिंगची आमची दोन वर्षं

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक नववीत हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये गेला तेव्हा मला या खेळातलं एवढंच कळायचं की कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर. माझे वडील, आबा, सांगलीचे, विजय हजाऱ्यांच्या गावचे, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कीपर आहे ना, मग डोकं शांत ठेवायला शिकव त्याला, हात काय, सवयीने शिकतात." कॉलेजच्या टीमचे कोच हायस्कूलमधून खेळाडू कसे निवडतात, म्हणजे हे रिक्रुटिंग, याची बाकी आमच्या घरात कोणालाच काही माहिती नव्हती, ना नवऱ्याला ना मला, आणि आपल्या मराठी ओळखीतही या वाटेने गेलेलं कोणी नव्हतं, टेनिसवाले होते, स्विमिंगवाले होते, पण बेसबॉलवालं कोणीच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लेकाच्या खोलीत कुमार रॉकर या पिचरचं (पिचर म्हणजे आपला बोलर) पोस्टर आहे. त्याची आई भारतीय वंशाची, आणि २०१९ मध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीकडून खेळताना पहिल्याच वर्षी ड्यूक युनिव्हर्सिटीविरुद्ध त्याने १९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून नो-हिटर टाकला होता, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिली नाही. तर आमच्या डोक्यातही तेच, डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातला सगळ्यात वरचा गट. दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं. नंतर कळलं की एनसीएए या कॉलेज खेळांच्या मोठ्या संघटनेच्या तीन डिव्हिजन, त्याशिवाय एनएआयए ही छोटी संघटना वेगळी, दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं वेगळी. आणि फुल स्कॉलरशिप हा जो शब्द आपण पार्टीत ऐकतो तो बेसबॉलमध्ये जवळजवळ नव्हताच, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा डिव्हिजन वनच्या अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिपची मर्यादा होती, त्या कोच तुकडे करून वाटायचे, कोणाला पाव, कोणाला अर्धी. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी पैसे देताच येत नाहीत, जी मदत मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर.

दहावीत पहिल्यांदा शोकेसला नेलं. शोकेस म्हणजे मॅच नाही, मोजमाप. सकाळी साठ यार्डांची धाव, मग बॅटवरून बॉल किती वेगाने सुटतो ते, मग कॅचर लोकांचा पॉप टाइम. हा पॉप टाइम कॅचरच्या आईबापांना झोपेतसुद्धा पाठ असतो: बॉल कॅचरच्या मिटमध्ये आपटला की घड्याळ सुरू, तो उठून फेकतो आणि सेकंड बेसवरच्या फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये बॉल पोचला की बंद. अंतर १२७ फुटांच्या वर. डिव्हिजन वनचे कोच साधारण दोन सेकंदांच्या आत बघतात. आमच्याचा २.१४ आला. साठ यार्ड ७.४ सेकंद. उंची पाच फूट नऊ इंच. सगळे आकडे त्याच्या नावासमोर लागले आणि गाडीत बसल्यावर तो एक शब्द बोलला नाही, नवऱ्याने रेडिओ लावला तर त्याने बंद केला.

त्यानंतर मी घाबरून एक चूक केली. एका रिक्रुटिंग सर्व्हिसला पैसे भरले, नाव लिहीत नाही, पण अशा पुष्कळ आहेत. त्यांनी प्रोफाइल बनवलं आणि दोनशे कॉलेजांना एकच मेल पाठवला. उत्तरं आली ती कॅम्पच्या जाहिराती, "आम्ही तुझ्या खेळाकडे लक्ष ठेवून आहोत, आमच्या कॅम्पला ये". लेक इतका खूश झाला होता, मला अजून आठवतं, जिन्यावरून ओरडत खाली आला. आम्ही कॅम्पची फी भरून गेलो तर तिथे दीडशे पोरं, त्यातले कॅचरच पंधरा-सोळा, आणि सगळ्यांना तोच मेल. कोचने स्वतः नाव घेऊन, पोराच्या खेळातलं काहीतरी नेमकं लिहिलं असेल तरच तो मेल खरा, हे मला तिथे कळलं, आणि अजूनही मी प्रत्येकाला आधी हेच सांगते.

मग मी समर टीमच्या कोचला सरळ विचारलं, माझ्या मुलाची लेव्हल काय, खरं सांगा. ते बिचारे थोडे थांबले आणि म्हणाले की डिव्हिजन थ्री, चांगली अभ्यासाची कॉलेजं, तिथे हा चारही वर्षं खेळेल, वनमध्ये गेला तर बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर वॉर्मअप करतात त्या बाजूच्या जागेत, दुसऱ्यांच्या बॉलिंगचे बॉल झेलत बसेल. मला खूप लागलं. दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. पण लेकाला सांगितल्यावर तो म्हणाला, "आई, मला खेळायचंय, नुसती जर्सी नकोय." त्या दिवसापासून आमची यादी बदलली, साठ कॉलेजांवरून अठरावर आली, आणि प्रत्येकाला त्याने स्वतः मेल लिहिले, मी फक्त स्पेलिंग बघितलं. पहिल्या दोन ओळींत वर्ग, पोझिशन, आकडे, मार्क, खाली अडीच मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत गाणी नाहीत, स्लो मोशन नाही, मागून घेतलेलं रिसीव्हिंग (बॉल झेलणं), ब्लॉकिंग (मातीत पडलेला बॉल अडवणं), मग थ्रो, शेवटी बॅटिंग.

१ ऑगस्ट २०२४ ही तारीख आमच्या फ्रिजवर लिहिलेली होती. अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपासून डिव्हिजन वनचे कोच पोरांना थेट फोन-मेसेज करू शकतात. यादीतून मोठी नावं काढली होती तरी त्या दिवशी तो रात्री उशिरापर्यंत फोन हातात घेऊन बसला. एकही आला नाही. त्याच्या टीममधल्या डावखुऱ्या पिचरला सात आले.

आणि गंमत बघा, आमचं काम झालं ते त्या डावखुऱ्यामुळेच. तो ताशी नव्वद मैलांच्या आसपास टाकायचा, त्यामुळे २०२५ च्या जूनमध्ये तो पिच करणार म्हटलं की कॅचरच्या मागच्या बॅकस्टॉपच्या जाळीमागे वेग मोजायची रडार गन घेतलेले पाच-सहा जण उभे. पिचर बघायला आलेला माणूस कॅचर बघितल्याशिवाय राहूच शकत नाही, दोघं एका रेषेत असतात. त्या मॅचला तिसऱ्या बेसवर रनर होता, लेकाने बोटांच्या खुणेने कर्व्हबॉल (वळून खाली पडणारा बॉल) मागितला, बॉल होम प्लेटच्या (बॅट्समन उभा राहतो तिथल्या) पुढे मातीत पडला आणि त्याच्या पायांमधून मागे गेला. रन झाला. माझ्या पोटात गोळा आला, कारण जाळीमागे सगळे उभे होते. लेक बॉल घेऊन सावकाश माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर गेला, मास्क डोक्यावर सरकवला, पिचरच्या खांद्यावर ग्लोव्ह ठेवून काहीतरी तीन-चार शब्द बोलला आणि परत येऊन बसला. या टीमचा कोच खुणा डगआउटमधून (टीम बसते तिथून) देत नाही, पोरांवर सोडतो. लेकाने पुन्हा कर्व्हबॉलचीच खूण दिली. परत मातीत. या वेळी गुडघे टाकून, हनुवटी छातीला लावून त्याने तो अंगावर घेतला, बॉल समोरच हातभर अंतरावर मरून पडला आणि बॅट्समन स्विंग करून चुकला होता, स्ट्राइक थ्री, लेकाने बॉल उचलून त्याला टॅग केलं, म्हणजे बॉल अंगाला लावून बाद केलं. जाळीमागे करड्या टोपीतल्या एका माणसाने खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. हे मी स्वतः बघितलं.

तीन दिवसांनी फोन आला. पेनसिल्व्हेनियातलं एक डिव्हिजन थ्री कॉलेज, आमच्या अठरातलंच, पण मेलला उत्तर न दिलेलं. कोच पिचरला बघायला आले होते. लेकाला म्हणाले की बॉल सुटल्यावर तू लगेच तीच खूण दिलीस, पिचरला काय सांगितलंस? लेकाने सांगितलं की "तो माझा होता, तू टाक" एवढंच. पॉप टाइम त्यांनी विचारलाच नाही. (तो तोवर २.०५ वर आला होता, आणि मला सांगायची फार इच्छा होती.)

आबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही, मग म्हणाले, "कीपर झाला तो."

पुढचं सगळं कागदाचं काम. जुलैत कॉलेजने ट्रान्सक्रिप्ट मागवून अ‍ॅडमिशन ऑफिसकडून प्री-रीड करून घेतलं, म्हणजे अर्ज करायच्या आधीच अंदाज मिळतो की हा पोरगा अभ्यासात बसतो का. पैशांचाही प्री-रीड मागा, मागितल्याशिवाय सगळीकडे देत नाहीत. ऑक्टोबरमध्ये आम्ही एक रात्र जाऊन आलो, लेक टीमच्या पोरांबरोबर डॉर्ममध्ये झोपला, आम्ही मोटेलमध्ये. मी कोचना एकच विचारलं, आत्ता कॅचर किती आहेत आणि कोणत्या वर्षाचे. चार आहेत, दोन या वर्षी बाहेर पडणार. मग १ नोव्हेंबरला अर्ली डिसिजन, म्हणजे मिळालं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. सही करताना माझा हात थोडा थांबला, कारण कोचचा शब्द म्हणजे अ‍ॅडमिशन नव्हे, शेवटचं उत्तर ऑफिसचंच. डिसेंबरच्या मध्यात ते आलं. मिळालं. मदत धरून खर्च आमच्या राज्याच्या सरकारी कॉलेजपेक्षा थोडा जास्त आहे, पण झेपेल एवढा.

त्या डावखुऱ्याचं मात्र मनाला लागून राहिलंय. जून २०२५ मध्ये कोर्टात एनसीएएची मोठी सेटलमेंट मंजूर झाली, तिच्यात आलेल्या डिव्हिजन वन कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उठली पण टीम ३४ पोरांचीच ठेवायची, आधी चाळीसपर्यंत असायची. वर ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, बावीस-तेवीस वर्षांची तयार पोरं मिळतात, मग अठरा वर्षांच्या पोरासाठी कोण थांबणार. ज्यांनी त्याला पहिल्या दिवशी फोन केला होता त्यातल्या एकांनी शेवटी सांगितलं की आधी दोन वर्षं ज्युनियर कॉलेजला खेळ, मग बघू. त्याच्या आईशी मी तासभर बोलले. तिने काही चुकवलं नव्हतं, पोरानेही नाही.

तो अजून शनिवारी आमच्याकडे येतो. ड्राइव्हवेवरचा बर्फ दोघं मिळून फावड्याने काढतात, नवरा टेप घेऊन साठ फूट सहा इंच, पिचर ते होम प्लेटचं अंतर, मोजून खडूने रेघ मारतो, आणि लेक गॅरेजच्या दारासमोर मिट उघडून बसतो.