इंद्रजात्रेत कुमारीदर्शन: काठमांडूला जाणाऱ्यांसाठी

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुका निघतात, त्याच दिवशी काठमांडूत वसंतपूरच्या चौकातून कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या लहान मुलीचा रथ निघतो. इंद्रजात्रा या तिथल्या इंद्राच्या उत्सवातल्या रथयात्रेचा तो पहिला दिवस. घरचा गणपती दीड दिवसाचा असेल तर हा मुहूर्त अवश्य साधा. आम्ही तेच केलं.

रथ तीन असतात. पुढच्या दोघांत गणेश आणि भैरव म्हणून पूजलेले लहान मुलगे बसतात आणि तिसऱ्यात कुमारी. दुपार उलटली की तिला कुमारीघरातून बाहेर आणतात. तिचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. लाल वस्त्रं, डोक्यावर घट्ट बांधलेला अंबाडा, काजळाची रेघ थेट कानशिलापर्यंत आणि कपाळभर रंगवलेला तिसरा डोळा. एवढ्या गलक्यात ती हसत नाही की दचकत नाही. माझ्या शेजारच्या नेवार (काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजाच्या) आजींनी हात जोडले आणि माझ्या मुलीला पुढे ढकलून म्हणाल्या, "नानी, हेर!" म्हणजे 'बाळ, बघ!' लेकीने पाहिलं आणि मला विचारलं, "आई, तिला कंटाळा येत नसेल?" तो प्रश्न पुढचा सगळा प्रवास आमच्याबरोबर होता.

कुमारी शाक्य घराण्यातली, म्हणजे नेवार बौद्धांची मुलगी, आणि तिच्यात वास करते ती काठमांडूच्या जुन्या मल्ल राजांची कुलदेवता तलेजू भवानी. बौद्ध घरची लेक आणि हिंदू देवी, आणि तिथे कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. राजा तलेजूबरोबर सारीपाट खेळत असे, त्याच्या मनात पाप आलं म्हणून ती रुसून गेली आणि मग कुमारिकेच्या रूपात परतली, अशी कथा सांगतात. कुमारीघर मात्र कथेतलं नाही. जयप्रकाश मल्लाने ते 1757 मध्ये बांधलं. 1768 मध्ये गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाहने इंद्रजात्रा चालू असतानाच शहर जिंकलं आणि त्याच कुमारीकडून टिका, म्हणजे आशीर्वादाचा टिळा लावून घेतला. 2008 मध्ये राजेशाही संपली, पण टिका संपला नाही. आता तो राष्ट्रपती घेतात.

रथाच्या दिवशी वसंतपूरात पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या दिवशी रथ दक्षिणेकडे जैसीदेवल, लगनकडे जातो, दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे असन, इंद्रचोकात. मुलं बरोबर असतील तर चौक सोडा आणि या गल्ल्यांत एखाद्या दुकानाच्या पायरीवर जागा धरा. रथ अगदी हाताच्या अंतरावरून जातो. पावसाळा संपलेला नसतो. गर्दीत छत्री उघडता येत नाही, रेनकोटच न्या.

खिडकीतलं दर्शन वेगळ्या दिवशी ठेवा. कुमारीघराच्या पांढऱ्या सिंहांच्या दारातून आत गेलं की चौकोनी अंगण, भोवती नक्षीदार लाकडी खिडक्या. 2015 च्या भूकंपात समोरची देवळं कोसळली, हे घर उभं राहिलं. कुमारी वरच्या खिडकीत क्षणभर येते, कधी येतही नाही. ती आली की फोटो काढायचा नाही. हे नियम म्हणून नव्हे, मनापासून पाळा. आम्ही होतो तेव्हा एकाने लपवून मोबाइल वर केला आणि ती लगेच आत गेली. रांगेतल्या म्हाताऱ्यांचं दर्शन हुकलं. मला त्याचा फार राग आला. हाका मारू नका, 'इकडे बघ' म्हणू नका. ती आपल्यासाठी देवी असो वा नसो, लहान मूल नक्कीच आहे.

लेकीच्या प्रश्नाचं थोडं उत्तर असं. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये कुमारीच्या शिक्षणाचा आणि आरोग्याचा हक्क मान्य केला. शिक्षक घरी येऊन शिकवतात. पाळी आली की कुमारीपण संपतं आणि ती आपल्या घरी परतते. माजी कुमारीशी लग्न करणारा मरतो ही अफवा खोटी आहे, अनेकींचे संसार झाले आहेत. तरीही वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी आईपासून दूर राहणं मला सोपं वाटत नाही, आणि त्या आजींच्या जोडलेल्या हातांवर शंकाही घेववत नाही.

जवळून दर्शन हवं असेल तर काठमांडूलगतच्या पाटणला जा. हाका बहाल या बौद्ध विहारात तिथली कुमारी राहते. दक्षिणा ठेवा आणि शांतपणे नमस्कार करा.

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 15 ते 65 वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. वसंतपूरच्या दरबार चौकाच्या तिकिटात भारतीयांना सवलत आहे, म्हणून तेच ओळखपत्र खिशात ठेवा. आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160. शंभराच्या नोटा भरपूर न्या, आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.