एल-वनचा ओव्हन

प्रोजेक्ट लॅबसाठी रिफ्लो ओव्हन, म्हणजे सर्किट बोर्डावरची सोल्डर पेस्ट वितळवून भाग जोडणारी भट्टी, घ्यायचं ठरलं. मी लॅब टेक्निशियन. खरेदीत माझं मत विचारायची आमच्याकडे पद्धत नाही, पण डेमोला बोर्ड भरायला कुणीतरी लागतंच, म्हणून बोलावलं.

ओव्हन ड्रॉवरवाला, इन्फ्रारेड, हौशी मंडळींकडे नेहमी दिसतो तसला. विक्रेत्याने रिकामाच तापवून दाखवला. स्क्रीनवर आलेख सुरेख: आधी चढण, १५० ते १८० अंश सेल्सिअसची सपाटी, मग शिखर. समिती खूश. आलेख पाहून खूश होणं हा समितीचा स्वभावच.

मी मुलांच्या रोव्हरचा मोटर-ड्रायव्हर बोर्ड पेस्ट लावून तयार ठेवला होता. खाली उष्णता ओढून घेणारा अख्खा तांब्याचा ग्राउंड थर, एका कडेला जाडजूड इंडक्टर (तारेचं वेटोळं), शेजारी काळा प्लास्टिकचा कनेक्टर. दोन के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवले: एक इंडक्टरच्या पायाशी, दुसरा मधल्या ०६०३ मापाच्या बारीक रेझिस्टरजवळ. पेस्ट बिनशिशाची, सॅक ३०५ (कथील, चांदी, तांबं), म्हणजे २१७ च्या पुढे वितळणारी. स्क्रीन २४५ म्हणाली तेव्हा रेझिस्टर २३८ वर आणि इंडक्टरचा पाय २०९ वर! रेझिस्टरचे सांधे चकचकीत, इंडक्टरखाली पेस्ट तशीच करडी, दाणेदार.

“वेळ वाढवा ना सर,” विक्रेता म्हणाला. वाढवली. इंडक्टर बसला, कनेक्टर वाकला.

“मग कनेक्टर नंतर हाताने लावा,” एचओडी मॅडम म्हणाल्या. सल्ला चुकीचा नव्हता, तेच मला अजून खुपतंय. शिवाय शिशाची ६३/३७ (कथील ६३, शिसं ३७ टक्के) पेस्ट १८३ ला वितळते. ती वापरली तर २०९ भरपूर झाले, आणि हाच ओव्हन मुलांच्या बोर्डांना चालून जातो. म्हणजे यंत्र वाईट नाही. पण बोर्डावर किती तापमान आहे, हा प्रश्न अख्ख्या फाईलमध्ये कुठेच नाही. वॉरंटी, वॅट, रंग, सगळं आहे.

माझ्या बाकावर पंख्याचा ओटीजी (घरगुती बेकिंगचा ओव्हन) आहे, सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि कंट्रोलर जोडलेला. त्याचा थर्मोकपल हवेत लोंबत नाही, बोर्डालाच चिकटतो. त्यात इंडक्टर आणि रेझिस्टरमधला फरक बराच कमी येतो. खोड एकच: शेवटची चढण चढताना दमतो, आणि तिथे रेंगाळला की फ्लक्स, म्हणजे पेस्टमधलं धातू साफ करणारं रसायन, आधीच संपून जातो. आतून सिरॅमिक वूल भरल्यावर सुधारला. पण त्याला जीएसटीचं बिल कुठून आणू?

एल-वन, म्हणजे सर्वात कमी बोलीचा होता, ड्रॉवरवालाच आला. मी तपासणी अहवालात २४५, २३८, २०९ असे तिन्ही आकडे लिहिले. त्याखाली सगळ्यांच्या सह्या झाल्या, कुणी काही विचारलं नाही. आता मुलं शिशाची पेस्ट वापरतात, हातमोजे घालून, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देत नाही मी. फ्लक्सचा धूर बाहेर काढायला एक्झॉस्ट मागितलाय. त्याची फाईल अकाउंट्समध्ये आहे.