न्यूटनच्या खिडकीखाली, आणि त्याच्या थडग्यापाशी

केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजच्या मोठ्या दरवाज्याशेजारी हिरवळीवर एक सफरचंदाचं झाड आहे, न्यूटनच्या गावच्या झाडाचं कलम, १९५४ साली लावलेलं, आणि त्याच्यासमोर सेल्फीवाल्यांची हीऽऽ गर्दी. माझा भाचा तिकडेच शिकतो, तो म्हणाला "मामा, झाड सोड, वरच्या खिडक्या बघ." दरवाजा आणि चॅपल यांच्या मधे पहिल्या मजल्यावर साहेबांच्या खोल्या होत्या, आणि आज हिरवळ आहे तिथे त्यांची खासगी बाग, आणि त्या बागेतच कुठेतरी भट्टी असावी असं बरेच अभ्यासक मानतात.

हो, भट्टी. न्यूटन किमयागार होता, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करू पाहणारा. म्हणजे गंमत म्हणून एखादा प्रयोग केला असं नाही, जवळपास तीस वर्षं नाद होता, किमयेवर दहा लाखांच्या आसपास शब्द लिहून ठेवलेत! त्याचा मदतनीस हम्फ्री न्यूटन (आडनाव तेच, पण हा निराळा) सांगतो की वसंतात आणि शरदात सहा सहा आठवडे विस्तव विझायचा नाही, एक रात्र हा जागायचा एक रात्र तो, आणि एवढं करून मालकाला नक्की काय हवंय ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पारा, अँटिमनी (एक ठिसूळ धातू), नवसागर, सगळं त्या मुशीत. तांबं आणि अँटिमनी एकत्र वितळवून जांभळट मिश्रधातू यायचा, थंड झाला की त्यावर जाळीसारखी नक्षी उठायची, त्याला तो 'जाळं'च म्हणायचा. आणि हे सगळं वजनं करून, मापं लिहून हां! परीस शोधणारा माणूस पण तराजू सुटला नाही.

मग रेन लायब्ररी, ट्रिनिटीचंच ग्रंथालय. तिथे प्रिन्सिपियाची, म्हणजे गती आणि गुरुत्वाकर्षणावरच्या त्याच्या ग्रंथाची, १६८७ ची त्याची स्वतःची प्रत आहे, समासात त्याच्याच हातची बारीक अक्षरातली दुरुस्ती, त्याच्या केसांची एक बटही. किमयेचे बरेचसे कागद मात्र इथे नाहीत, ते जवळच्याच किंग्ज कॉलेजात. त्याची पण एक कथा आहे. १७२७ ला तो गेल्यावर ज्याने कागद तपासले त्याने बऱ्याच गठ्ठ्यांवर 'छापायच्या लायकीचं नाही' असा शेरा मारला, मग पिढ्यानपिढ्या ते वारसांच्या घरात पडून राहिले, आणि १९३६ साली लंडनला लिलाव झाला तेव्हा अर्थतज्ज्ञ केन्सने जमतील तेवढे किमयेचे कागद गोळा केले आणि कॉलेजला दिले. धर्मावरचे बरेचसे याहुदा नावाच्या अभ्यासकाकडे गेले, ते आता जेरुसलेमला.

त्या धर्माच्या कागदांतच ते फेमस २०६०, म्हणजे जगाच्या शेवटाचं म्हणून गाजलेलं साल. बायबलमधल्या दानिएलच्या भाकितातले १२६० दिवस म्हणजे वर्षं धरायची, सुरुवात इ.स. ८०० पासून, आणि झाली बेरीज. टीव्हीवाल्यांनी 'न्यूटन म्हणतो जग बुडणार' करून टाकलं, पण त्याच चिठ्ठीत त्याने लिहिलंय की शेवट याच्या नंतरही होऊ शकतो, आधी व्हायचं काही कारण दिसत नाही, आणि हे मी तारखा ठोकणाऱ्यांची तोंडं बंद करायला लिहितोय. भाचा म्हणे "बरंय, रिटायर होईन तेव्हाच." अजून एक मजा म्हणजे या माणसाचं कॉलेज ट्रिनिटी, आणि ट्रिनिटी म्हणजे त्रैक्य (देव एकच पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशा तीन रूपांत) हीच कल्पना त्याला अमान्य, पण बाहेर चकार शब्द नाही. त्याच्यानंतर त्याच्या प्राध्यापकाच्या जागेवर आलेल्या व्हिस्टनने तेच उघड बोलून दाखवलं तर १७१० मधे नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबे, न्यूटनला जिथे पुरलंय ते चर्च. तिकीट महाग आहे, घ्या. न्यूटनचं १७३१ चं स्मारक मधोमध, संगमरवरी साहेब ऐसपैस रेललेले, आणि कोपर टेकवलंय ते पुस्तकांच्या चळतीवर. जवळ जाऊन पाहिलं तर प्रिन्सिपिया, ऑप्टिक्स, आणि त्यांच्याच सोबत धर्मशास्त्र आणि कालगणना! खालच्या लॅटिन लेखातही निसर्ग, पुराणकाळ आणि पवित्र ग्रंथ अशा तिन्हींचा अर्थ लावणारा म्हणून कौतुक. म्हणजे तेव्हाच्या लोकांनी निदान धर्माची बाजू तरी दगडात कोरून ठेवली आणि आपण शाळेत फक्त सफरचंद शिकलो. किमया मात्र त्यांनीही गाळलीच. खाली मुलांच्या शिल्पात एक भट्टी दिसते खरी, मी खूश झालो, पण ती टांकसाळीतली निघाली, नाणी पाडायची (पुढे तो सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता ना).